हलत्या उजेडाची खोली

११ सप्टेंबर

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. दोन्ही पेट्या पोचल्या, कॅमेरा पोचला, फक्त बाबांची छत्री वाटेत कुठल्याशा स्टेशनवर राहिली. तिला तिथली हवा मानवली असेल, असं म्हणून बाबांनी तो विषय मिटवला. तू विणून दिलेला मफलर मात्र गळ्यात आहे, काळजी नको.

तुम्ही बापलेक तिथे जाऊन नक्की करणार काय, असं तू निघताना विचारलंस आणि गाडी सुटली म्हणून माझं उत्तर अर्धंच राहिलं. तर ऐक. बाबांच्या नव्या सिनेमात एक माणूस तापाने फणफणून अख्खा हिवाळा एका खोलीत पडून असतो. त्याला दिवस, माणसं, स्वप्नं सगळं एकात एक मिसळून दिसतं. त्यासाठी बाबांना थंड मुलखातली, नदीकाठची खोली हवी आहे, जिच्यात उजेड आपला आपण हलतो. स्टुडिओतल्या दिवेवाल्याने परातीत पाणी भरून त्यावर दिवा मारून दाखवला होता. बाबा म्हणाले, हा उजेड हलत नाही, थरथरतोय. झालं! बाबा खोली शोधणार आणि मी कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे फिरणार. एक दिग्दर्शक जागा कशी शोधतो, यावर माझा माहितीपट व्हायचा आहे. मागचे दोन सिनेमे आपटल्यावर लोकांना हा माणूस पुन्हा आठवून द्यायला हवा, असं निर्मात्यांचं म्हणणं. हिवाळा लागायच्या आत खोली ठरली नाही तर हाही सिनेमा गुंडाळू, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांना ते ठाऊक असावं. पण आम्ही दोघं त्यावर बोलत नाही. आमच्यात तशी रीतच नाही, तुला काय सांगायचं.

स्थळं बघायचा कार्यक्रम जोरात आहे. एका खोलीची खिडकी तिरळी निघाली, दुसरीचा जिना उद्धट, आणि तिसरी सगळीकडून देखणी होती तर बाबा म्हणाले, हिला स्वतःचं फार कौतुक आहे. घरमालक चहा देतात, हसून हसून दमतात, आणि आम्ही कळवतो म्हणून खाली उतरतो.

आमच्या गाडीवाल्या बाई म्हणजे एक वल्लीच. आम्हा तिघांना मिळून जी एक परकी भाषा अर्धवट येते, तिच्यात आमचा संसार चालतो. पहिल्या दिवशी घाटात बाबा सारखे हळू, हळू म्हणत होते. बाईंना वाटलं, ते त्यांचं नाव. आता त्या त्यांना मिस्टर हळू म्हणतात आणि बाबाही ओ देतात.

सकाळी धुकं इतकं असतं की समोरचं गाव आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. मला इथे झोप छान लागते, पण जाग आल्यावरही थोडा वेळ झोपेतच असल्यासारखं वाटतं.

तुझ्या लोभाची ऊब इतक्या लांबवर पोचते. ती आटू देऊ नकोस.

तुझी
भिंगरी


२३ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा चष्म्याने आणि एकदा चष्मा सापडेना तेव्हा नुसत्या अंदाजाने. दुसऱ्या वेळी जास्त मजा आली.

माझा भाऊ स्थळं नाकारतोय हे वाचून फार हसले. लग्नाच्या वेळी या माणसाने पहिल्याच मुलीला हो म्हणून टाकलं होतं. मी म्हटलं, अरे नीट बघ तरी. तर म्हणे, ताई, बघितलं की कळतंच. तुझ्या आईच्या बाबतीत त्याचं बरोबर होतं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. तेव्हा खोलीचंही तसंच होईल. दिसली की गप्प बसेल तो. तो बडबडतोय तोवर समज, मिळालेली नाही.

खालच्या मजल्यावरचा माझा टायपिंगचा क्लास ठीक. नव्या तुकडीत एक निवृत्त स्टेशनमास्तर आले आहेत. आयुष्यभर शिट्टी वाजवली, आता बोटं वाजवून बघतो म्हणतात. ओळ संपली की घंटी वाजते, तेव्हा दचकून घड्याळाकडे बघतात. तीन नंबरच्या यंत्राचा 'र' पुन्हा अडकायला लागलाय, त्यामुळे त्या यंत्रावर बसणाऱ्यांची सगळी पत्रं बोबडी होतात. माझं बरं आहे. गुडघे आहेत तिथेच आहेत.

तू लिहितेस की तुमच्यात बोलायची रीत नाही. रीत काय आकाशातून पडते? आई गेली तेव्हा तू लहान, तो कामात, आणि मधे निरोप पोचवायला मी. मी ते काम इतकं चोख केलं की तुम्हा दोघांना गरजच पडली नाही. आता मी मधे नाही. तेव्हा कॅमेरा खाली ठेवून मधूनमधून बापाशी चार शब्द बोलत जा. जेवला का, एवढं विचारलंस तरी पुष्कळ झालं.

गारठ्यात कान झाकत जा. माया आहेच, वेगळी काय लिहू.

तुझी
आत्या


५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा गप्प बसले, आत्या.

काय झालं ते पहिल्यापासून सांगते. नदीच्या वळणावर एक अरुंद, उंच घर आहे. गाडीवाल्या बाईंच्या गाडीचा आरसा गळून पडला होता म्हणून त्या तिथे थांबल्या. वर राहणारे आजोबा आरशांचं काम करतात. जुन्या आरशांचा उडालेला पारा काढायचा आणि नवा चढवायचा. आम्ही उगाचच त्यांच्यामागे जिना चढलो. वर एकच लांबलचक खोली, नदीच्या बाजूने सलग खिडक्या, आणि भिंतींना टेकून आरसेच आरसे. काही लख्ख, काहींना पारा उडून तपकिरी ढग आलेले, काही नुसत्या काचा, अजून आरसा न झालेल्या. नदीचं ऊन पाण्यावरून छतावर येत होतं, छतावरून आरशात, आरशातून पलीकडच्या आरशात. सगळी खोली पोहत होती. मला एकदम पायाखालची जमीन तपासावीशी वाटली.

बाबांनी कोट काढला, घडी करून जमिनीवर ठेवला आणि त्यावर बसले. किती वेळ बसले कोण जाणे. आजोबांना त्यात काही वावगं वाटलं नाही, ते आपले काचेवर कापूस फिरवत राहिले.

त्यांची बहीणही तिथेच राहते. पांढरे, कापलेले केस, अंगात भावाचाच जुना स्वेटर. हातात फडकं घेऊन ती आरसा पुसत होती आणि आपल्याच प्रतिबिंबाला मान लववून काहीतरी सांगत होती, दारात आलेल्या शेजारणीशी बोलावं तसं. मग पुढच्या आरशाकडे जायची, तिथल्या बाईची चौकशी करायची. मला वाटलं, गमत्या आहेत आजी. माझ्याकडे बघून त्या हसल्याही, पण आरशातल्या माझ्याकडे.

मी चित्रण केलं. पण त्या खोलीत कॅमेऱ्याला लपायला जागाच नाही! कुठेही रोखला तरी कुठल्या ना कुठल्या आरशात मी आहेच, डोळ्याला कॅमेरा लावलेली, आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसलेले बाबा. आधी चिडले, मग सोडून दिलं. आई गेल्यापासून आमच्या दोघांचा एकत्र असा एक फोटो नाही, हे मला तिथे लक्षात आलं. एकजण कायम यंत्राच्या मागे. आता अख्खं रीळ आहे.

खाली उतरल्यावर बाबा एवढंच म्हणाले, की भिंगरे, तुला दिसलं ना? मी म्हटलं, दिसलं. मग जेवलात का म्हणून विचारलं. तुझ्या सांगण्यावरून. ते म्हणाले की नाही, पण आता जेवू. आणि आम्ही कोपऱ्यावर बसून सूप प्यायलो, पाव खाल्ला आणि दिवे लागेपर्यंत नदीकडे बघत राहिलो.

रीळ धुवायला विमानाने पाठवलं आहे. निर्मात्यांनी बघितलं की त्यांचीही खात्री पटेल. माझ्या हातून याहून चांगलं काम आजवर झालेलं नाही, असं तुलाच सांगते.

असाच जीव लावत राहा.

तुझी
भिंगरी


१३ ऑक्टोबर

ती. ताईस,
नानाचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे काही तरी बिनसलं असं समजून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो: खोली मिळाली. जी माझ्या डोक्यात होती तीच, फक्त डोक्यात होती त्याहून जास्त खरी. तिथे बसलो तेव्हा मला ताप भरल्यासारखं वाटलं. चांगला ताप.

घरातले आजोबा तयार आहेत. हिवाळाभर खोली आम्हाला देतील. आरसे बरेचसे हलवावे लागतील, भिंती जरा काळवंडाव्या लागतील. तोवर ते पुतणीकडे राहतील आणि त्यांच्या बहिणीची सोय शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात होईल. निर्मात्यांची तार आली आहे, पोरीचं रीळ बघून ते खूश आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'लवकर' ऐवजी 'सावकाश' लिहिलं.

ताई, पोरीचा हात फार चांगला आहे. हे तिला मी सांगणार नाही, तू सांग.

मी पुन्हा काम करणार आहे. एवढंच सांगायला लिहिलं.

तुझ्या मायेचा जुना हक्कदार,
नाना


१७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू म्हणाली होतीस तसं मी बाबांशी बोलले, आणि त्यापायी आता आमचं बोलणं बंद आहे.

झालं असं. गाडीवाल्या बाईंना कळलं की आजी वृद्धाश्रमात जाणार, तशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हात स्टिअरिंगवरून काढून मला सगळं सांगितलं. आजींना गेली काही वर्षं आठवत नाही. भाऊ कोण हे कळतं, पण आपण स्वतः कोण, कशा दिसतो, हे गेलं. आरशात ज्या बायका दिसतात त्या आपल्या मैत्रिणी, असं त्या धरून चालतात. सकाळी उठून सगळ्यांची विचारपूस करतात, त्यांची तोंडं पुसतात, कुणी उदास दिसली तर समजूत घालतात. त्या मैत्रिणी आहेत तोवर त्या सुखात आहेत. एकदा घराचं छप्पर गळायला लागलं म्हणून दोघं पुतणीकडे राहायला गेली. तिथे भिंती कोऱ्या. आजींनी खाणं सोडलं. मग एका पहाटे त्या मैत्रिणींना शोधायला म्हणून घराबाहेर पडल्या आणि नदीत कमरेइतक्या पाण्यात वाकून उभ्या असलेल्या सापडल्या. पाण्यात एकजण दिसली होती ना.

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, आजोबांनी स्वतः होकार दिलाय, त्यांना त्यांची बहीण आपल्यापेक्षा जास्त कळते. वृद्धाश्रमात आपण चार आरसे लावून देऊ. हिवाळा काय, येतो आणि जातो. मी म्हटलं, त्या गेल्या तर? ते म्हणाले, या वयात माणसं जातातच. आत्या, हे ते मनापासून बोलले नाहीत, मला कळलं. पण बोलले. मग मीही बोलले. म्हटलं, तुम्हाला खोल्याच दिसतात, त्यात राहणारी माणसं दिसत नाहीत. त्यावर त्यांनी ऐकवलं, की माणसांचा इतका कळवळा होता तर रीळ इतक्या घाईने कशाला पाठवलंस?

ते खरंच आहे, म्हणून जास्त लागलं. त्या रिळातच आजी आहेत. आरशाला मान लववताना. निर्मात्यांनी तार केली तेव्हा त्यात लिहिलं होतं की ती म्हातारी सुंदर आहे, तसं कुणीतरी सिनेमात घ्या.

आता आम्ही एकाच टेबलावर जेवतो आणि गाडीवाल्या बाई निरोप पोचवतात. मिस्टर हळूंना मीठ हवंय. मिस भिंगरी म्हणतात, मीठ त्यांच्या समोरच आहे. तुझं जुनं काम त्यांच्या गळ्यात पडलंय बघ. त्या तुझ्याइतक्या प्रेमाने करत नाहीत, भुवया उडवतात.

खोलीच्या करारावर सही घ्यायला निर्मात्यांचा माणूस पुढच्या महिन्याच्या मध्यावर येतोय. मला काय करावं सुचत नाही. बाबांनी हा सिनेमा करावा असं मला फार वाटतं. त्यांचा चेहरा त्या खोलीत कसा झाला होता ते मी पाहिलंय. आणि तरी.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी माझ्यावरचा जीव काढून घेऊ नकोस.

तुझी
भिंगरी


२८ ऑक्टोबर

चि. नानास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

भिंगरीने मला सगळं लिहिलं आहे. ती चहाडी नव्हे. लहानपणापासून ती मलाच सांगत आली आणि तूही. तेव्हा तिच्यावर डोळे काढू नकोस.

तुला एक गोष्ट सांगते. सांगणार नव्हते. पण तुमच्या त्या खोलीचं वाचलं आणि मग सकाळपासून क्लासमध्ये सगळ्यांच्या चुका माझ्या नजरेतून सुटायला लागल्या, तेव्हा म्हटलं, लिहून टाकावं.

तुझा पहिला सिनेमा. तुला माडीवरची मागची खोली हवी होती, माझी. मी लगेच दिली. थोड्या दिवसांचा प्रश्न, म्हणालास, आणि तेव्हा तुझ्या तोंडावर जे काही होतं, त्यासाठी मी घरही दिलं असतं. तुझ्या माणसांनी भिंती खरवडल्या, गिलावा केला, राखाडी रंग दिला. काम झाल्यावर सगळं सामान होतं तिथे परत लावून दिलं, अगदी माझी पाण्याची सुरईसुद्धा. चांगली माणसं होती.

पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, नाना. तुला आठवणारही नाही. मला तो बसलेल्या उंटासारखा दिसायचा. टायफॉइडमध्ये मी कितीतरी दिवस एकटी त्याच्याकडे बघत काढले. पुढे जे ठरलं होतं ते लग्न मोडलं, तेव्हाही रात्री त्याच्याशीच बोलले. आई-बाबांशी काय बोलणार? उंट कुणाला सांगणार नव्हता. परत खोलीत गेले तर भिंत गुळगुळीत. पुष्कळ प्रयत्न केला, पण त्या खोलीत मला पुन्हा झोप लागली नाही. म्हणून मी खाली क्लासच्या यंत्रांशेजारी झोपायला लागले, ती आजतागायत. तुला वाटतं, तिथे वारा येतो म्हणून. तिथे वारा अजिबात येत नाही.

तेव्हा बोलले नाही कारण तू आनंदात होतास आणि डागासाठी कुणी रडतं का? आजही तक्रार म्हणून लिहीत नाही. सिनेमा चांगला झाला होता. मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा त्या राखाडी भिंतीच्या वेळी डोळे मिटून घेतले, इतकंच.

मी धडधाकट होते, खाली येऊन झोपले. त्या बाईंना खाली यायला दुसरी खोली नाही. तू काय करावंस हे मी सांगणार नाही. तू मोठा झालास, केस पिकले. फक्त एवढं तुला ठाऊक असावं, असं वाटलं.

मफलर वापरतोस ना? तुझ्यावरची माया होती तितकीच आहे, वजन करून बघितली.

तुझी
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी नदीकाठच्या बाकावर बसून वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

वारा येतो म्हणून! इतकी वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो, की आमच्या ताईला वाऱ्याशिवाय झोप येत नाही. एकदा पंखा आणून दिला होता, तर तू किती आनंदाने घेतलास. ताई, तू मला तेव्हा दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्यास. माफी मागायला शब्द शोधत होतो, एकही जागेवर बसेना. भेटल्यावर बघू.

बाकावरून उठलो तो सरळ त्या घरी गेलो. आजोबांना सांगितलं की खोली नको. गाडीवाल्या बाई दुभाष्या होत्या. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला हायसं वाटेल, हात हातात घेईल, असं काहीतरी. सिनेमावाल्याची खोड, दुसरं काय. प्रत्यक्षात तो संतापला. लाल झाला. बाईंनी त्याचं बोलणं जरा गुळगुळीत करून सांगितलं, तरी मला पोचायचं ते पोचलं. तो म्हणाला, की किती वर्षं झाली, मी या खोलीतून दुपारचा बाहेर पडलेलो नाही. हिला सोडून जाता येत नाही. एक हिवाळा मला माणसासारखा मिळणार होता. पुतणीकडे बसून पत्ते खेळणार होतो. तुम्ही आलात, खोली चांगली आहे म्हणालात, मला आशा लावलीत, आणि आता मोठ्या मनाचे होऊन परत निघालात. माझं काय?

याचा मी विचारच केला नव्हता. भिंगरीनेही नाही. आम्ही दोघं त्या खोलीवरून भांडत होतो आणि तो माणूस आमच्या हिशेबातच नव्हता.

तो पाठ फिरवून कामाला लागला. मी निघालो नाही. बसून राहिलो. मोठा आरसा एकट्याने उचलत होता, तर पुढे होऊन दुसरी बाजू धरली. आम्ही तो खिडकीशी नेला. मग मला सुचलं ते बोललो: मी दुपारी येऊन तुमच्या बहिणीपाशी बसत जाईन, तुम्ही बाहेर जाऊन या. तो म्हणाला, तुम्हाला तिची भाषा येत नाही. मी म्हटलं, तिला तरी माझी कुठे येते. त्यावर तो पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी टोपी घालून दाढी करायला गेला, आणि परत आला तो दिवस कलल्यावर, गालाला साबणाचा वास.

निर्मात्यांना तार केली आहे. उत्तर काय येईल ते दिसतंच आहे.

ताई, मला दुःख झालंय. ते तुझ्यापासून लपवत नाही. पण रोज दुपार झाली की पाय तिकडे वळतात.

आहे तशी राहा, आणि माझी राहा.

नाना


१४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

निर्मात्यांचं उत्तर आलं. सिनेमा बंद. दुसरी खोली बघायला आता वेळ नाही आणि त्यांची तयारीही नाही. माझ्याकडे जी कोरी रिळं उरली आहेत तेवढ्यात माहितीपट पुरा करून परत या, असं लिहिलं आहे. न झालेल्या सिनेमाचा माहितीपट! बाबांनी तार वाचली, घडी केली आणि मला म्हणाले, चल, तुझं काम तरी थांबायला नको. मग पुढे चालता चालता म्हणाले, की मी तुला नको ते बोललो. मी म्हटलं, मीही. इतकंच. गाडीवाल्या बाईंनी भुवया उडवल्या आणि आपली सुटका झाल्यासारखा हॉर्न वाजवला.

काल मी त्या खोलीत जे पाहिलं ते तुला सांगायलाच हवं. आजोबा पत्ते खेळायला गेले होते. मी जिन्यात होते तेव्हा वरून बाबांचा आवाज ऐकू आला, एकसारखा, हळू. दार लोटलं तर बाबा स्टुलावर, आजी खिडकीशी, मांडीवर फडकं. आणि बाबा त्यांना सिनेमा सांगत होते. आपल्या भाषेत, पहिल्या दृश्यापासून. इथे तो माणूस कूस बदलतो. इथे त्याला वाटतं, नदी खोलीत आलीय. इथे एक बाई येते, त्याच्या कपाळावर हात ठेवते, ती त्याची कोण ते त्याला आठवत नाही, पण हात ओळखीचा असतो. हाताने कॅमेऱ्याची हालचाल दाखवत होते, गाणं कुठे येईल तिथे थोडं गुणगुणतही होते. आजी ऐकत होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. पण त्या आरशांकडे बघत होत्या आणि आरशात सगळ्या मैत्रिणी बाबांकडे बघत होत्या. तिथल्या तिथे सभागृह भरलं होतं, आत्या.

मी बाबांना खुणेने विचारलं, चित्रण करू? त्यांनी आजींकडे बोट दाखवलं, म्हणजे त्यांना विचार. मी आजींसमोर जाऊन कॅमेरा वर करून दाखवला. त्यांनी जवळच्या आरशाकडे वळून तिथल्या बाईला काहीतरी विचारलं, तिचं उत्तर येईपर्यंत थांबल्या, आणि मग मला मान डोलावून होकार दिला. मी रीळ चढवलं. बाबा कुठेही अडखळले नाहीत. ते शेवटच्या दृश्यापर्यंत सांगत गेले. मी इतकी वर्षं त्यांची मुलगी आहे, पण ते सिनेमा बघताना कसे दिसतात हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आता ते माझ्याकडे हरकाम्या म्हणून लागले आहेत. तिपाई उचलतात, उन्हासाठी पांढरा कागद धरून उभे राहतात. काल चौकटीत शिरले म्हणून मी खेकसले, तर अगदी नव्या पोरासारखे दचकून मागे सरले आणि खूश झाले.

आम्ही हिवाळाभर इथेच राहायचं म्हणतोय. आजोबांच्या घराच्या तळमजल्यावर एक दुकान आहे, त्यामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. आत्या, तू ये ना. बाबा म्हणतात की ती येणार नाही, ती कधीच कुठे गेली नाही, क्लास कोण बघेल, घर कोण बघेल असं म्हणेल. मी म्हटलं, आपण तिला कधी बोलावलं होतं का? त्यावर त्यांनी हातातली तिपाई खाली ठेवली. मग म्हणाले, लिही, आणि खाली माझंही नाव घाल.

वाट बघतो.

तुझी भिंगरी
आणि नाना


२७ नोव्हेंबर

चि. नाना व चि. भिंगरी यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी उत्तर लिहायला बसले, की क्लास कोण बघेल. अर्धं लिहून झाल्यावर लक्षात आलं की स्टेशनमास्तर बघतील. त्यांना विचारलं. त्यांनी ताबडतोब टोपी घालून किल्ल्या ताब्यात घेतल्या आणि मला गाड्यांचं सगळं वेळापत्रक पाठ म्हणून दाखवलं. घर कोण बघेल, असं लिहिणार होते, तर घर इतकी वर्षं मला बघतंय, आता जरा नजर दुसरीकडे वळवील.

मी हे स्टेशनवर बसून लिहिते आहे. बाकडं गार आहे, धुकं इथेही आहे, आणि शेजारच्या बाईंनी मला आपल्या डब्यातलं केळं दिलं. मी कुठे चालले आहे विचारलं, तर मी सांगितलं, भावाकडे. ते ऐकायला मलाच नवीन वाटलं. पेटीत तुम्हा दोघांसाठी स्वेटर, त्या आजींसाठी एक, आणि गाडीवाल्या बाईंसाठी एक. महिनाभर विणतच होते, माप अंदाजाने घेतलं आहे, तुमच्या पत्रांवरून. मोठं झालं तर माझा दोष नाही, भिंगरीच सगळं वाढवून लिहिते.

तिथल्या बायका आरशात माझ्याशी बोलतील का, याची थोडी धास्ती आहे. मला त्यांची नावं सांगून ठेवा.

पत्र आता पोस्टाच्या पेटीत टाकते. माझ्या मागून ते सावकाश येईल. पोस्टमन दार ठोठावेल तेव्हा तुम्ही उठू नका, तुमचं काम चालू द्या. दार मी उघडीन, आणि मीच वाचून दाखवीन.

ताई
(भिंगरीची आत्या)